विश्लेषण : फरार कैदी, ओलीस मुलगा आणि प्रेक्षकाची सहानुभूती... ‘अ परफेक्ट वर्ल्ड’ कसा पाहावा?

तुरुंगातून पळालेला गुन्हेगार, वाटेत हाती लागलेले लहान मूल आणि मागावर पोलीस. गुन्हेपटांतला हा साचा जुना आहे. पडद्यावरचा गुन्हेगार मुलाशी मायेने वागू लागला की प्रेक्षक त्याचे निम्मे गुन्हे तिथेच माफ करून टाकतो. मग असा चित्रपट खरोखर चांगला आहे की मुलाच्या आडून आपल्याला रडवतो आहे, हे ओळखायचे कसे? क्लिंट ईस्टवूड दिग्दर्शित ‘अ परफेक्ट वर्ल्ड’ (१९९३) हा ते समजून घेण्यासाठी उत्तम नमुना आहे. (सूचना : पुढे चित्रपटाच्या शेवटाचा उल्लेख आहे.)

कथा काय?

काळ १९६३चा, ठिकाण अमेरिकेतील टेक्सास. हॅलोवीनच्या रात्री बुच हेन्स (केविन कॉस्टनर) आणि टेरी हे दोन कैदी तुरुंगातून पळतात आणि आठ वर्षांच्या फिलिपला (टी. जे. लोथर) ओलीस धरतात. फिलिपच्या घरी वडील नाहीत. आई यहोवाज विटनेसेस पंथाची, त्यामुळे हॅलोवीन, नाताळ, वाढदिवस सगळेच वर्ज्य. टेरी मुलाच्या वाटेला जातो, तेव्हा बुच त्याला ठार करतो. तिथून पुढे चोरीच्या गाडीतून दोघांचा प्रवास सुरू होतो आणि टेक्सास रेंजर रेड गार्नेट (स्वतः ईस्टवूड) त्यांच्या मागावर निघतो.

बुच आवडू का लागतो?

तो फिलिपशी मोठ्या माणसासारखा बोलतो. काय काय करायची इच्छा आहे, याची यादी त्याला लिहायला लावतो. मुलाला झुलत्या रेल्वेत बसायचे असते, तर गाडीच्या टपावर बसवून फिरवतो. कायम ‘नाही’ ऐकत आलेल्या मुलाला पहिल्यांदाच कुणीतरी ‘हो’ म्हणते. पण हाच माणूस चोरायच्या गाडीत किल्ली आहे का हे पाहायला त्याच मुलाला पुढे पाठवतो. माया आणि वापर या दोन्ही गोष्टी चित्रपट शेजारी शेजारी ठेवतो. फिलिपचा जीव बुचमध्ये गुंततो, त्याला आज कुणीही चटकन ‘स्टॉकहोम सिंड्रोम’ म्हणेल. पण ही संज्ञा ज्या बँक दरोड्यावरून आली, तो १९७३चा. चित्रपटातल्या कुणाकडेही या नात्यासाठी तयार शब्द नाही आणि चित्रपटही तसे लेबल लावत नाही.

खरी कसोटी कुठे?

ती शेतातल्या घरात आहे. मॅक नावाचा कृष्णवर्णीय शेतमजूर या दोघांना रात्रीचा आसरा देतो. सकाळी तो आपल्या नातवाला चापट मारतो आणि स्वतःच्या बालपणाचे व्रण घेऊन फिरणारा बुच बिथरतो. तो कुटुंबाला बांधतो, पिस्तूल रोखतो. मुलांवर हात उगारणारे त्याला सहन होत नाहीत, पण त्या क्षणी तिथल्या मुलाला सगळ्यात जास्त भीती त्याचीच वाटत असते. अखेर फिलिप पिस्तूल उचलतो आणि बुचवर गोळी झाडतो.

अशा चित्रपटांत मूल बहुधा गुन्हेगाराच्या चांगुलपणाचे प्रमाणपत्र म्हणून वावरते. इथे मूल स्वतः निवाडा करते, तोही त्याचा जीव ज्याच्यावर जडला आहे त्याच्याविरुद्ध. म्हणूनच त्यानंतरची फिलिपची माया खोटी वाटत नाही.

इतर चित्रपटांत काय दिसते?

‘हंटेड’ (१९५२) या ब्रिटिश चित्रपटात डर्क बोगार्ड खून करून पळालेला असतो आणि सोबत घरातून पळालेला लहानगा. मुलगा आजारी पडल्यावर तो सुटकेची संधी सोडून होडी माघारी वळवतो. हा शेवट हृदयस्पर्शी आहे, पण त्यात हिशेब फार सोपा होतो : एक त्याग केला, पाप फिटले. दक्षिण आफ्रिकेच्या ऑस्करविजेत्या ‘त्सोत्सी’त (२००५) मूल तान्हे आहे. गुन्हेगार बदलतो, पण बाळाला स्वतःचे मत असण्याचा प्रश्नच येत नाही. फिलिपला मत आहे, हा मोठा फरक.

उणिवा नाहीत का?

आहेत. पाठलागाचे कथानक सैल आहे. रेंजरांच्या ताफ्यातील विनोद मूळ गोष्टीचा ताण घालवतात. लॉरा डर्नच्या गुन्हेशास्त्रज्ञाला करण्यासारखे फारसे काही दिलेले नाही आणि एफबीआयचा नेमबाज ठोकळेबाज खलनायक वाटतो. मुलाच्या आईची घालमेलही पडद्यावर फार थोडी येते. ज्या घरातून मूल उचलले गेले, त्या घराला इतकी कमी जागा देणे ही या चित्रपटाची सर्वात मोठी त्रुटी.

मात्र पाठलागातील एक धागा महत्त्वाचा आहे. बुच किशोरवयात गाडीचोरीत सापडला, तेव्हा त्याला सुधारगृहात धाडण्यासाठी रेडनेच शब्द टाकला होता. बापाच्या घरापेक्षा ते बरे, असे त्याला वाटले होते. शेवटी बुच खिशातून वडिलांचे जुने पोस्टकार्ड काढू पाहतो, नेमबाजाला ते शस्त्र वाटते आणि तो गोळी झाडतो. रेडकडे उत्तर उरत नाही.

मग निकष कोणते?

असा चित्रपट पाहताना तीन प्रश्न विचारता येतात. मुलाला स्वतःची इच्छा आणि नकार आहे का? ज्यांचे नुकसान झाले ते लोक पडद्यावर टिकतात की विसरले जातात? आणि मायेमुळे गुन्हा पुसला जातो की दोन्ही सोबत राहतात? ‘अ परफेक्ट वर्ल्ड’ पहिल्या आणि तिसऱ्या प्रश्नाला पूर्ण उतरतो. दुसऱ्या प्रश्नावर मॅकच्या घरात तो कमावतो आणि फिलिपच्या आईबाबत गमावतो.