शहरांतील पूर आणि शेतकऱ्याचा माल

शहरांत पूर आला तर शेतकऱ्याचें काय जातें, असें कित्येकांस वाटतें. सांगलीच्या पेठेंत हळद व बेदाणा नेणाऱ्यास तसें म्हणतां येणार नाहीं. २००५ सालच्या महापुरांत सांगलीनजीक हरिपूर येथील जमिनींतील पेंवांत पाणी शिरून साठविलेल्या हळदीची मोठी नासाडी झाली. पुढें २०१९ च्या ऑगस्ट महिन्यांत आयर्विन पुलापाशीं कृष्णेचें पाणी ५७ फुटांवर गेलें. तेथील धोक्याची पातळी ४५ फूट आहे.

फुटांचा आंकडा सर्वांस कळतो. परंतु अमुक फुटास कोणत्या गल्लींत व कोणत्या गोदामांत पाणी येईल, हें सांगणारीं जाणतीं माणसें गांवांतच असावीं लागतात. सबब महानगरपालिकेचे इंजिनिअर, भूमापक, इमारतींचे नकाशे करणारे व बाजार समितीचे चिटणीस यांस या कामाचें शिक्षण मिळणें अगत्याचें आहे.

या शिक्षणाचे मुख्य विषय तीन होत. पहिला, पाण्याचा हिशेब. एक हेक्टर जागेवर १०० मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे दहा लक्ष लिटर पाणी होतें. शेतांत त्यांतील कांहीं भाग मुरतो. छपरें व डांबरी रस्ते यांवरून बहुतेक सर्व वाहून जातें.

दुसरा, जमिनीचा उंचसखलपणा. नदी चढली म्हणजे नाल्यांचीं तोंडें बुडतात व पाणी उलट फिरून आंतल्या सखल वस्तींत शिरतें. म्हणून दर पुरानंतर भिंतींवरील पाण्याच्या खुणा मोजून नकाशावर मांडाव्या. सरासरीनें २५ वर्षांतून एकदां येणाऱ्या पुराची निळी रेषा व १०० वर्षांतून एकदां येणाऱ्याची लाल रेषा, या दोन्ही रेषा वाचतां आल्या पाहिजेत.

तिसरा, वेळेवर सूचना. कोणत्या पातळीस कोणीं कोणास कळवावें, हें पावसाळ्यापूर्वींच ठरवून त्याचा सराव करावा.

राष्ट्रीय आपत्ति व्यवस्थापन प्राधिकरणानें २०१० सालीं शहरांतील पुरांविषयीं मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. पण कागदावरील सूचना गल्लीपर्यंत आपोआप पोंचत नाहींत. कोणता बांध आधीं फुटेल, हें पाटकरी जाणतो. तें ज्ञान त्यास वारंवार पाहण्यानें आलेलें असतें. शहराच्या पाण्यासही तसेच पाटकरी पाहिजेत.

आमच्या वाचकांनीं माल ठेवण्यापूर्वीं एवढें अवश्य विचारावें, कीं या गोदामाचा उंबरठा किती फुटांस बुडतो? उत्तर न मिळाल्यास माल दुसरीकडे ठेवावा, व ही गोष्ट बाजार समितीच्या सभेंत मांडावी.