मधुमेह, मेलाटोनिन आणि पुरुषाची प्रजननक्षमता

लग्नाला दोन-तीन वर्षे होऊनही पाळणा हलला नाही, की बेळगाव-निपाणी भागात काय किंवा घाटाखाली गोव्यात काय, तपासण्यांचा आणि नवसांचा फेरा प्रथम सुनेच्याच वाट्याला येतो. वास्तविक वंध्यत्वाच्या जवळपास निम्म्या प्रकरणांत कारणाचा काही वाटा पुरुषाकडे असतो. तरीही वीर्यतपासणी सर्वांत शेवटी होते, आणि नवऱ्याच्या मधुमेहाशी या प्रश्नाचा संबंध असेल, हे क्वचितच कुणाच्या ध्यानी येते.

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीत मधुमेहाचे देशातील सर्वाधिक प्रमाण, २६.४ टक्के, गोव्यात आढळले. हा आजार आता ऐन तिशीतही गाठतो. रक्तातील साखर दीर्घकाळ चढी राहिली, की पेशींमध्ये ऑक्सिजनचे अतिक्रियाशील रेणू वाढतात. शुक्राणूचे आवरण नाजूक स्निग्धाम्लांचे असल्याने हा मारा त्याला सोसत नाही. त्याची हालचाल मंदावते, आतील डीएनए तुटतो. टेस्टोस्टेरॉन घटू शकते. मज्जातंतूंना इजा झाल्यास वीर्य बाहेर न येता मागे मूत्राशयात जाते.

मेलाटोनिनकडे संशोधक वळले ते याच संदर्भात. मेंदूतील पीनियल ग्रंथी अंधार पडल्यावर हे संप्रेरक स्रवते. ॲरन लर्नर यांनी १९५८ मध्ये ते प्रथम वेगळे केले. झोपेची वेळ ठरविण्याबरोबरच ते त्या अतिक्रियाशील रेणूंना निष्प्रभही करते. प्रयोगशाळेत औषध देऊन मधुमेही केलेल्या उंदरांना मेलाटोनिन दिल्यावर वृषणांची हानी कमी झाली आणि शुक्राणूंची स्थिती सुधारली, असे अनेक प्रयोगांत दिसले आहे.

परंतु उंदीर म्हणजे माणूस नव्हे. मधुमेही पुरुषाने ही गोळी घेतल्यास अपत्यप्राप्तीची शक्यता वाढते, हे मोठ्या मानवी चाचण्यांनी अद्याप सिद्ध झालेले नाही. उलट २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अवघ्या आठ निरोगी पुरुषांवरील एका प्रयोगात रोज ३ मिलिग्रॅम मेलाटोनिन काही महिने दिल्यावर दोघांच्या वीर्याचा दर्जा घसरला होता. प्रयोग लहान असला, तरी स्वतःच्या मनाने गोळ्या सुरू करणाऱ्याने तो लक्षात ठेवावा. शिवाय जेवणाच्या सुमारास मेलाटोनिन घेतल्यास काहींच्या शरीराची साखर हाताळण्याची क्षमता मंदावते. म्हणजे ज्या साखरेपासून शुक्राणू वाचवायचे, तीच वाढण्याचा धोका. दुकानांत आणि ऑनलाइन या गोळ्या आता सहज मिळतात, ही सोय म्हणूनच थोडी काळजीची आहे.

शरीराचे स्वतःचे मेलाटोनिन मात्र अंधार आणि झोप मागते. उद्यमबागेतील फौंड्री असो वा वडगाव-शहापूरचा यंत्रमाग, जिथे रात्रपाळी चालते तिथे प्रखर दिव्यांखाली ते दबते. फौंड्रीतील भट्टीची धग ही आणखी एक अडचण; वृषणांना शरीराहून थोडे कमी तापमान लागते. निपाणीची बाजारपेठ तंबाखूवर उभी राहिली, आणि विडीचा धूर शुक्राणूंवर नेमका तोच मारा करतो जो चढी साखर करते. मधुमेही माणसाने विडी ओढणे म्हणजे दुहेरी घाव, हे गोळीच्या चर्चेत हरवून जाते.

शुक्राणू तयार होण्यास सुमारे अडीच महिने लागतात. एचबीए१सी ही तपासणीही मागच्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगते. त्यामुळे आज साखर आटोक्यात आणण्यास आणि विडी सोडण्यास सुरुवात केली, तर फरक पाहण्यासाठी वीर्यतपासणी साधारण तीन महिन्यांनी पुन्हा करावी, हा हिशेब सोपा आहे. नमुना देण्यापूर्वी दोन ते सात दिवस संयम पाळावा. वीर्य अगदी कमी येत असेल किंवा संबंधानंतर लघवी गढूळ होत असेल, तर ते संकोच न करता सांगावे. मग डॉक्टर लघवीत शुक्राणू आहेत का, तेही तपासून घेतात. ही तपासणी साधी आहे, तिला भूल लागत नाही की चिरफाड. पत्नीला दुर्बिणीच्या तपासणीसाठी टेबलावर घेण्याआधी ती व्हायला हवी.