गरिबाच्या मुलीलाही उपचार निवडण्याचा हक्क आहे!

"जयभीम साहेब. डॉक्टर म्हणतात, एकतर मॅरो बदला, नाही तर घोड्याचं इंजेक्शन द्या. दोन दिवसांत सांगा म्हणतात. आम्ही गरीब माणसं, काय सांगणार जी?" उत्तर नागपुरातील एक बाप मुलीची फाईल घेऊन आमच्याकडे आला होता. मुलगी सातवीत. आजार, सिव्हिअर अप्लास्टिक अनिमिया.

विदर्भात सिकलसेल सर्वांना ठाऊक आहे. हा आजार वेगळा. यात हाडांतील मज्जा रक्त तयार करणेच थांबवते. बहुतेक वेळा शरीराची संरक्षक शक्तीच मज्जेवर उलटते. तिन्ही प्रकारच्या पेशी घटतात. प्लेटलेट 20 हजारांखाली जातात. लोहाच्या गोळ्या, बीटाचा रस वा बुवाचा अंगारा याने तो बरा होत नाही. गमावलेला प्रत्येक दिवस रोग्याच्या जिवावर उठतो.

मग निवड कशी करावी? रुग्ण लहान वा तरुण असेल आणि सख्ख्या भावंडाची मज्जा जुळत असेल, तर प्रत्यारोपण हा पहिला मार्ग. प्रत्येक सख्खे भावंड जुळण्याची शक्यता 25 टक्के. म्हणून भावंडांची एचएलए तपासणी ताबडतोब करावी. प्रत्यारोपणाचा विचार असेल तर नातेवाइकांचे रक्त रुग्णाला देऊ नये. शरीर पुढे त्यांचीच मज्जा नाकारू शकते. भावंड जुळले नाही किंवा वय जास्त असेल, तर घोड्यापासून बनणारे एटीजी, सोबत सायक्लोस्पोरिन आणि एल्ट्रोम्बोपॅग. याचा गुण यायला 3 ते 6 महिने लागतात आणि आजार उलटूही शकतो. अर्ध्या जुळणीचे प्रत्यारोपणही आता होते. धोका प्रत्येक मार्गात आहे, तो आधी समजून घ्यावा.

समजावून सांगणे हा डॉक्टरांचा उपकार नव्हे. समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये स्पष्ट केले की, उपचाराचे स्वरूप, पर्याय, धोके आणि उपचार नाकारल्यास होणारे परिणाम सांगितल्याशिवाय घेतलेली संमती खरी संमती नव्हे. आमच्या माणसांनी कोऱ्या कागदावर अंगठा देण्याचे दिवस संपले पाहिजेत.

राहिला पैसा. कोल इंडियाची थॅलेसेमिया बाल सेवा योजना 2017 ची. पुढे ती अप्लास्टिक अनिमियाच्या मुलांनाही लागू झाली. भावंडाची मज्जा जुळल्यास उत्पन्नाच्या अटीवर निवडक रुग्णालयांत 10 लाखांपर्यंत मदत मिळते. कोल इंडियाची उपकंपनी वेस्टर्न कोलफिल्ड्स नागपुरातच आहे, पण आमच्या किती वस्त्यांना ही योजना ठाऊक आहे? धर्मादाय रुग्णालयांनी कलम 41अअ नुसार 10 टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्यायच्या असतात. रुग्णालयातील समाजसेवा अधीक्षकांकडे लेखी मागणी करा आणि पोच घ्या.

त्या मुलीच्या भावाची मज्जा जुळली. बापाने सगळे विचारून, समजून सही केली. पण ज्यांना भाऊ-बहीण नाही त्यांचे काय? अशा रुग्णांना अनोळखी दात्याचा शोध घ्यावा लागतो आणि तो बहुधा आपल्यासारख्याच समाजात सापडतो. दात्यांच्या नोंदवहीत आपली पोरे नसतील, तर आपल्या रुग्णाला दाता कोठून मिळणार? 14 एप्रिलला आपण रक्तदान शिबिरे घेतो. तेथेच मज्जादात्यांची नोंदणीही सुरू करू या. बाबासाहेबांना तेच खरे अभिवादन ठरेल.