खळ धुतल्याशिवाय रंग चढत नाही: धातूच्या नॅनोकणांची सफाई

मागच्या व्याख्यानात आपण उत्प्रेरक म्हणजे काय ते पाहिलं. रासायनिक क्रिया वेगाने घडवून आणणारा, पण स्वतः त्यात खर्ची न पडणारा पदार्थ म्हणजे उत्प्रेरक. आज त्यातल्याच एका अडचणीविषयी बोलायचं आहे. प्रयोगशाळेत ती रोज भेटते, पाठ्यपुस्तकात मात्र तिला जेमतेम दोन ओळी मिळतात. अडचण अशी, की ज्या पदार्थाच्या मदतीने आपण धातूचे अतिसूक्ष्म कण तयार करतो, तोच पदार्थ नंतर त्या कणांना काम करू देत नाही. आणि तो काढायला जावं, तर कणच बिघडतात.

इचलकरंजी-सोलापूरकडचं कुणी इथे असेल तर त्यांना हे लगेच उमगेल. मागावर चढवण्याआधी उभ्या सुताला खळ लावतात, तिकडे त्याला सायझिंग म्हणतात. खळ नसेल तर घासून घासून धागा पिंजतो, तुटतो. पण कापड विणून झालं की तीच खळ धुऊन काढावी लागते, नाहीतर रंग नीट बसत नाही. या खळीत स्टार्चबरोबर पॉलिव्हिनाइल अल्कोहोल, म्हणजे पीव्हीए, नावाचा पॉलिमरही वापरतात. आज ज्या सोन्याच्या कणांची गोष्ट आपण पाहणार आहोत, त्यांच्या अंगावरची खळसुद्धा हा पीव्हीएच आहे.

एवढे लहान कण हवेत कशाला?

आधी एक हिशोब करू. एक ग्रॅम सोन्याचा घन ठोकळा केला तर त्याची बाजू चार मिलिमीटरपेक्षाही कमी भरते. त्याचा सगळा पृष्ठभाग मिळून एक चौरस सेंटिमीटरही होत नाही, म्हणजे साधारण बोटाच्या नखाएवढा. आता तेच सोनं ३ नॅनोमीटर व्यासाच्या गोळ्यांमध्ये वाटून टाका. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. आता पृष्ठभाग होतो सुमारे १०० चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ ११०० चौरस फूट. एक ऐसपैस टू बीएचके फ्लॅट! अशा एका गोळीत साधारण ८०० अणू असतात आणि त्यातले एक तृतीयांशाहून जास्त अणू बाहेरच्या थरात असतात. उत्प्रेरकाचं काम पृष्ठभागावरच चालतं. आत दडलेल्या अणूंचा थेट उपयोग नसतो. महागड्या धातूचा प्रत्येक अणू कामाला लावायचा, तर कण लहानच हवेत.

सोन्याच्या बाबतीत तर आकारावरच सगळं अवलंबून आहे. सोनं निष्क्रिय, ते कशाशी फारशी क्रिया करत नाही, असं बराच काळ मानलं जायचं. १९८७ मध्ये जपानचे मासाताके हारुता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं, की धातूंच्या ऑक्साइडवर बसवलेले सोन्याचे अगदी बारीक कण कार्बन मोनॉक्साइडचं कार्बन डायऑक्साइड करतात, आणि तेही शून्य अंशाच्या बरंच खाली. कार्बन मोनॉक्साइड किती घातक आहे ते वेगळं सांगायला नको. बंद न्हाणीघरातल्या गॅस गिझरच्या बातम्या आपण सगळेच वाचतो. हा वायू साध्या तापमानाला संपवणारा उत्प्रेरक मिळणं ही मोठी गोष्ट होती. पण तेच कण वाढून दहा-पंधरा नॅनोमीटरचे झाले की ही करामत झपाट्याने कमी होते.

खळ येते कुठून?

कण तयार करायची एक सोपी रीत आहे. क्लोरोऑरिक आम्लाचं, म्हणजे सोन्याच्या क्लोराइडचं, फिकट पिवळं द्रावण घ्यायचं. त्यात थोडा पीव्हीए टाकायचा. मग सोडियम बोरोहायड्राइडचं ताजं द्रावण घालायचं. क्षणात रंग बदलतो आणि गडद तांबूस कलिल तयार होतं. सोन्याचे कण जन्माला आले! पण लहान कणांना एकमेकांना चिकटून मोठं व्हायचं असतं, कारण त्यांच्या पृष्ठभागाची ऊर्जा जास्त असते. पीव्हीएच्या साखळ्या कणांभोवती गुंडाळल्या जातात आणि त्यांना दूर ठेवतात. नंतर टायटॅनियम डायऑक्साइडची पांढरी पूड घालून द्रावण आम्लधर्मी केलं, की कण पुडीवर जाऊन बसतात. वरचं पाणी रंगहीन होतं आणि पूड रंगते. गाळायचं, धुवायचं, वाळवायचं. उत्प्रेरक तयार.

पण पीव्हीए तसाच अंगावर असतो. कार्बन मोनॉक्साइडचा रेणू आला तर त्याला बसायला जागा कुठे? जिथे सोनं आणि ऑक्साइड एकमेकांना भिडतात ती कड या क्रियेसाठी फार महत्त्वाची असते, आणि तीही झाकली जाते. ११०० चौरस फुटांचा फ्लॅट आहे, पण निम्म्या खोल्यांत सामान रचलेलं, अशी गत.

जाळून टाकलं तर?

सर्वात पहिला विचार हाच येतो. भट्टीत हवेमध्ये तापवा, सेंद्रिय पदार्थ जळून जाईल. आता आकडे पाहा. पीव्हीए साधारण २०० अंशांच्या पुढे तुटायला लागतो, पण पूर्ण जळायला ३०० ते ४०० किंवा त्याहूनही जास्त अंश लागतात. सोनं वितळतं १०६४ अंशांना. म्हणजे भरपूर अंतर आहे असं वाटतं, हो ना? पण धातूचे अणू वितळण्याची वाट पाहत नाहीत. एक ढोबळ नियम आहे: केल्विनमध्ये मोजलेल्या वितळणबिंदूच्या साधारण ०.३ पटीला पृष्ठभागावरचे अणू सरकू लागतात, आणि निम्म्याला आतलेही हलू लागतात. सोन्यासाठी हे आकडे येतात साधारण १३० आणि ३९५ अंश सेल्सिअस. थोडक्यात, खळ जळायच्या आधीच सूत हलायला लागतं. ३ नॅनोमीटरचे ६४ कण एकत्र आले तर १२ नॅनोमीटरचा एक कण होतो आणि पृष्ठभाग उरतो एक चतुर्थांश. फ्लॅटची एकच खोली राहिली!

हवेऐवजी नायट्रोजनमध्ये तापवलं तर आणखी वेगळी पंचाईत. पीव्हीए जळण्याऐवजी करपतो आणि कार्बनचा थर बसतो. दूध करपलेलं पातेलं घासलेल्यांना हा थर काय चीज असते ते माहीत आहे.

आम्ही स्वतः यात एकदा फसलो. ४०० अंशांना भाजलेला नमुना न भाजलेल्यापेक्षा थोडा बरा निघाला, आणि आम्ही खूश झालो, की सफाई झाली. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर कण कितीतरी मोठे झालेले. म्हणजे पृष्ठभाग मोकळा झाल्याचा फायदा आणि कण वाढल्याचा तोटा एकमेकांत मिसळले होते, आणि आम्ही फक्त बेरीज वाचत होतो. एका विद्यार्थ्याचं कित्येक महिन्यांचं काम पुन्हा करावं लागलं.

मग दुसरे मार्ग

एक मार्ग अतिनील प्रकाश आणि ओझोनचा. कमी दाबाच्या पाऱ्याच्या दिव्यातून १८५ आणि २५४ नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश निघतो. पहिल्यामुळे हवेतल्या ऑक्सिजनपासून ओझोन बनतो, आणि तो सेंद्रिय थर हळूहळू खाऊन टाकतो. उष्णता फारशी लागत नाही. सपाट काचेवर किंवा सिलिकॉनवर पसरलेल्या कणांसाठी हे उत्तम. पण पुडीच्या ढिगात प्रकाश आतपर्यंत पोचत नाही, आणि चांदी किंवा पॅलेडियमसारखा धातू असेल तर ओझोन त्याच्याही पृष्ठभागाचं ऑक्साइड करू शकतो.

दुसरा मार्ग रसायनांचा. इथे अवशेष कशाने धरून बसला आहे हे पाहावं लागतं. गंधकामार्फत चिकटलेले थायॉल सोन्याला घट्ट धरतात, ते साध्या धुण्याने निघत नाहीत. अमाइन त्या मानाने सैल असतात. आणि पीव्हीए? त्याची पकड आणखी कमजोर.

याच गोष्टीचा फायदा ब्रिटनमधल्या कार्डिफ विद्यापीठातल्या ग्रॅहम हचिंग्ज यांच्या गटाने घेतला. २०११ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेली रीत ऐकून हसू येईल: टायटॅनियम डायऑक्साइडवर बसवलेले सोन्याचे कण गरम पाण्यात ठेवायचे. बस्स. पीव्हीए गरम पाण्यात विरघळतो, हे खळ धुणाऱ्यांना आधीपासून माहीत आहेच. सगळा पीव्हीए निघाला नाही, पण सोन्याचा पुरेसा भाग उघडा पडला. कणांचा आकार भट्टीतल्यासारखा वाढला नाही आणि कार्बन मोनॉक्साइडवरचं काम भाजलेल्या नमुन्यापेक्षा चांगलं झालं. म्हणजे पूर्ण सफाईचा हट्ट न धरता, कण न दुखावता जितकी होईल तितकी सफाई जास्त उपयोगाची ठरली.

स्वच्छ झालं हे कशावरून?

हा खरा कळीचा प्रश्न. नमुना तापवत वजनातली घट मोजता येते, पण त्यात नुसती ओलही जाते. अवरक्त वर्णपटात पॉलिमरच्या खुणा दिसतात. क्ष-किरणांनी पृष्ठभागावरचा कार्बन मोजता येतो, पण नमुना हवेत राहिला तरी थोडा कार्बन येऊन बसतोच. म्हणून एकाच मोजणीवर विसंबू नये. सफाईआधी आणि सफाईनंतर, दोन्ही वेळा कणांचा आकारही मोजायचा आणि अवशेषही. नाहीतर दोन प्रयोगशाळा 'आमचा धातू चांगला' म्हणून भांडतात, आणि प्रत्यक्षात तुलना चाललेली असते त्यांच्या अंगावरच्या कपड्यांची.

आणि हेही लक्षात घ्या, की अवशेष दरवेळी शत्रू नसतो. १९५२ मध्ये लिंडलार यांनी पॅलेडियमला मुद्दाम शिसं आणि क्विनोलिनने मंद केलं, म्हणजे हायड्रोजन जोडण्याची क्रिया हवी त्या टप्प्यावर थांबते. तो उत्प्रेरक आजही वापरात आहे. मुद्दा असा, की जो अवशेष ठेवायचा तो आपण ठरवून ठेवावा. चुकून राहिलेला नको.

प्रश्नोत्तरांतून

प्रश्न: पीव्हीए न वापरताच कण बनवले तर?
उत्तर: बनवता येतात. हारुतांच्या पद्धतींमध्ये असा पॉलिमर नव्हताच. पण तिथे कणांच्या आकारावरची आपली पकड थोडी सैल होते, आणि सोन्याच्या मूळ क्षारातलं क्लोराइड नीट धुवावं लागतं. ते राहिलं तर कण वाढायला मदत करतं आणि उत्प्रेरकाला विषासारखं बाधतं. म्हणजे धुणं काही सुटत नाही.

प्रश्न: साबणाने का नाही धुवायचं?
उत्तर: छान प्रश्न! साबणाचे रेणू स्वतःच पृष्ठभागाला चिकटतात. एक खळ काढून दुसरी लावल्यासारखं होईल. मग तो साबण कशाने धुणार, हा पुढचा प्रश्न तुम्हीच विचाराल.