कापूस, बोंडअळी आणि व्यापारधर्म

जळगाव आणि धुळे जिल्ह्यांत कापसाला पांढरे सोने म्हणतात. शेतकऱ्यांप्रमाणेच बियाणे-औषधांचे दुकानदार, अडते आणि जिनिंगचालक यांचे प्रपंचही याच पिकावर उभे आहेत. त्यामुळे जनुकबदल केलेल्या कापसाविषयीची चिंता शेताच्या बांधावर थांबत नाही. ती पेढीपर्यंत येते.

भारतात बीटी कापसाला मार्च २००२ मध्ये मान्यता मिळाली. जमिनीतील एका जिवाणूचे जनुक घातल्यामुळे अळीला मारक असे प्रथिन झाडातच तयार होते. हिरव्या बोंडअळीवरील फवारण्या घटल्या आणि खानदेशाने हे वाण आपलेसे केले. २००६ मध्ये दोन जनुकांचे वाण आले. तथापि गुलाबी बोंडअळीने दोन्ही प्रथिने पचविली आणि २०१७ च्या हंगामात राज्यभर बोंडे पोखरली.

यास केवळ बियाणे कारणीभूत नव्हते. ४५० ग्रॅम बीटी बियाण्यासोबत १२० ग्रॅम साधे बियाणे कडेने लावण्यासाठी दिले जाई. त्या झाडांवरील अळ्यांमुळे प्रतिकारशक्तीचा फैलाव मंदावावा, हा त्यामागील हेतू. परंतु अनेकांनी ते पेरलेच नाही. मे महिन्यातील लागवड आणि लांबलेली फरदड यांमुळे अळीला दीर्घकाळ अन्न मिळाले. जिनिंगमध्ये साठलेल्या कापूस-सरकीतही ती सुप्तावस्थेत तग धरते. म्हणूनच सरकीची वेळेवर विल्हेवाट लावणे आणि आवारात कामगंध सापळे लावणे हे जिनिंगचालकाचे काम ठरते.

बीटी वांग्याला केंद्राने २०१० मध्ये स्थगिती दिली. कापूस मात्र सरकीचे तेल आणि पेंड या रूपांत स्वयंपाकघरात व गोठ्यात पोहोचतोच. त्यामुळे ग्राहकाची शंका अनाठायी म्हणता येत नाही.

सेंद्रिय कापूस हा एक पर्याय आहे, पण तो सोपा नाही. प्रमाणित सेंद्रिय शेतीत जनुकबदल केलेले बियाणे निषिद्ध आहे आणि हंगामी पिकासाठी पेरणीपूर्वी किमान दोन वर्षांचा संक्रमणकाळ लागतो. या काळात उत्पन्न घटले, तर तोटा एकट्या शेतकऱ्याच्या माथी पडतो. त्यातच बिगर-बीटी बियाणे बाजारात दुर्मीळ आहे. शिवाय जिनिंगमध्ये एकदा माल मिसळला, की सारे कष्ट वाया जातात.

श्रावकाने टाळावयाच्या पंधरा कर्मादानांत विषवाणिज्याचा समावेश आहे. कीटकनाशकांच्या व्यापारात असलेल्या कुटुंबांना हा प्रश्न टाळता येणार नाही. सर्वांनाच व्यवसाय बदलता येईल असे नाही. मात्र अंतर कमी करता येते. मान्यता नसलेले तणनाशकरोधक बियाणे न विकणे, प्रत्येक पाकिटाची पावती देणे, गरजेपेक्षा अधिक औषध गळ्यात न मारणे, निंबोळी अर्क आणि बिगर-बीटी बियाणे दुकानात ठेवणे, सेंद्रिय माल वेगळा पिंजणे व त्याचा भाव हंगामाआधी ठरविणे, एवढे तर आज शक्य आहे. नफ्याच्या वहीत अहिंसेचे खाते अशाच लहान नोंदींनी उघडते.