थर्माकोलवरचा केक

मुंबईत क्रॉफर्ड मार्केटच्या आसपास केकचं सामान विकणारी दुकानं आहेत. साचे, नोझल, रंगांच्या बाटल्या यांच्यामागे कोपऱ्यात थर्माकोलच्या पांढऱ्या गोल चकत्यांची चळत असते. ६ इंची, ८ इंची, १० इंची. केक करणाऱ्या बायका त्यांना नुसतं ‘डमी’ म्हणतात. फॉन्डंटला हात बसतो तो या डमीवर, असं माझं ठाम मत आहे.

फॉन्डंट म्हणजे पोळीसारखी लाटता येणारी साखर. आइसिंग शुगर, लिक्विड ग्लुकोज, ग्लिसरीन आणि बांधून ठेवायला जिलेटिन. शाकाहारी फॉन्डंटमध्ये जिलेटिनच्या जागी वनस्पतीपासून मिळणारे डिंक. ग्लुकोजचं काम पाकात पिळलेल्या लिंबासारखं: साखरेचे खडे धरू द्यायचे नाहीत. ग्लिसरीन ओल राखतं, म्हणून पोळी लवचीक राहते.

पोळी लाटता येणाऱ्या बाईला हे सोपं वाटतं. अवघड जागा पुढे येते, वरच्या कडेशी. थर्माकोलची कड धारदार असते आणि तिच्यावर फॉन्डंट स्वतःच्याच वजनाने फाटतो. म्हणून आधी पॉलिश पेपरने धार मोडायची, डमी बोर्डला चिकटवायची, कारण ती हलकी असते आणि सरकते, मग वनस्पती तुपाचा पुसट हात फिरवायचा. फॉन्डंट ३-४ मिलिमीटर जाड लाटायचा, लाटण्यावर गुंडाळून अलगद सोडायचा. बाजूच्या चुण्यांकडे तेव्हा बघायचंसुद्धा नाही. पहिल्यांदा तळहाताने वरची कड बसवून घ्यायची. मग एका हाताने खालची झालर बाहेर पसरून धरायची आणि दुसऱ्या हाताने वरून खाली थोडं थोडं चिकटवत यायचं. चुणी दाबली की तिची रेघ राहते. उचलून पसरली की विरते. हवेचा फुगा दिसला तर टाचणीने टोचून बोटाने पुसायचा. आणि हे सगळं भरभर, कारण रेंगाळलं की वरचा थर सुकून सुरकुततो. आमच्या शिकवणाऱ्या बाई त्याला ‘एलिफंट स्किन’ म्हणायच्या.

माझ्या पहिल्या डमीवर मी पाच वेळा फॉन्डंट चढवला आणि पाचही वेळा सोलून पुन्हा मळला. खऱ्या केकवर अशी मुभा नसते. तिथे खाली चॉकलेट-क्रीमचं गनाश असतं. ते एकदा पोळीला लागलं की पांढरा फॉन्डंट डागाळलाच. थर्माकोल मात्र चुका करू देतो, आणि शिकणाऱ्याला यापेक्षा मोठी मदत कोणती?

खोटा केक एके काळी लग्नंसुद्धा सावरून गेला आहे. १९४० मध्ये ब्रिटनमध्ये युद्धकाळातल्या साखरटंचाईमुळे केकला बाहेरून साखरेचा थर लावायला बंदी आली. तेव्हा पुठ्ठ्याचे आणि प्लास्टरचे नक्षीदार मजले भाड्याने मिळू लागले. आत एक लहानसा साधा केक, फोटोत मात्र पांढरंशुभ्र वैभव. युद्ध संपलं तरी रेशन चालूच राहिलं. १९४७ मध्ये राजकन्या एलिझाबेथच्या लग्नाचा ९ फूट उंचीचा केक झाला, त्याचं सामान ऑस्ट्रेलियातल्या गर्ल गाइड्सनी पाठवलं होतं.

आपल्याकडच्या रिसेप्शनमधल्या पाच मजली केकमध्येही बरेचदा एक-दोन मजलेच खरे असतात. सुरी कुठे लावायची, हे नवरानवरीला आधी सांगून ठेवतात. मला त्यात फसवणूक दिसत नाही. रुखवतात मांडलेलं सगळं तरी कुठे खायला असतं? तिथे घरच्या बायकांचा हात बघायचा असतो, इथेही तेच.

मुंबईच्या पावसाळ्यात या डमी फार कामाला येतात. साखर हवेतलं पाणी ओढते, फ्रिजमधून काढलेला फॉन्डंटचा केक घामाघूम होतो आणि रंग ओघळतात. डमीला फ्रिजची गरजच नाही. फॉन्डंट कडक करणारी सीएमसी पावडर घालून केलेल्या गुलाबाच्या पाकळ्या मात्र तिच्यावरही मऊ पडतात, म्हणून त्या आदल्या दिवशी करून एसीत वाळवायच्या.

काम झालं की डमी बादलीभर पाण्यात बुडवून ठेवायची. हलकी असल्यामुळे ती वर येते, म्हणून डोक्यावर एखादा जड डबा ठेवायचा. सकाळपर्यंत फॉन्डंट विरघळतो, पाणी गोडूस आणि चिकट होतं. ती धुऊन उन्हात उलटी ठेवली की दुपारी पुन्हा लाटणं हातात घ्यायचं.