कोपरा गोल का करायचा?

ऑटोकॅड शिकताना ‘फिलेट’ आणि ‘चॅम्फर’ या कमांड तुम्हाला निव्वळ सजावटीच्या वाटतील. मलाही वाटल्या होत्या. फिलेट कोपरा गोल करते, चॅम्फर तिरका छाटते, एवढंच! मग प्रयोगासाठी मी काढलेलं ॲल्युमिनियमचं एल आकाराचं ब्रॅकेट तडकलं, नेमकं आतल्या काटकोनात.

कारण साधं आहे. भार आला की ताण आतल्या टोकदार कोपऱ्याशी एकवटतो. गोलाई दिली की पसरतो. दुसऱ्या महायुद्धातल्या लिबर्टी जहाजांवरच्या अनेक भेगाही डेकवरच्या, माल चढवायच्या चौकोनी तोंडांच्या कोपऱ्यांतूनच सुरू झाल्या होत्या.

मग त्रिज्या किती द्यायची? ६ मिलिमीटर व्यासाचं मिलिंग कटर आतल्या उभ्या कोपऱ्यात ३ मिलिमीटरपेक्षा लहान गोलाई कापू शकत नाही. म्हणून थोडी जास्त, साडेतीन ठेवा. बाहेरच्या कडांना अर्ध्या मिलिमीटरचा चॅम्फर सहसा पुरतो. हात कापत नाही.

एक सांगायचं राहिलं. फिलेटची त्रिज्या ० असेल, तर दोन रेषा टोकदारच जुळतात. कमांड बिघडली असं समजू नका. आधी त्रिज्या द्या. माझं दुसरं ब्रॅकेट अजून शाबूत आहे.